लेकीच्या फाशीसाठी भांडण

माझ्या पोटच्या पोरीला फाशी व्हावी म्हणून मी भर सभेत बायकांशी भांडले आहे. दापोलीला सासूबाईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी दोन दिवस माझा फोन घेतला नाही. आधी नीट ऐकून तर घ्यावं ना!

आम्ही सौदीत अल खर्जला राहतो. नवरा दुधाच्या फार्मवर सुपरवायझर आहे आणि लेक रियाधच्या इंडियन स्कूलमध्ये सातवीत. माझ्याशी ती इंग्रजीत बोलते, अब्बांशी हिंदीत आणि शाळेत कुणाशीच नाही. लाजरी म्हणजे किती लाजरी! दरवर्षी गॅदरिंगला तिला झाड करायचे. एकदा ढग केलं होतं, तेवढंच काय ते प्रमोशन.

यंदा इतिहासाच्या बाईंनी नाटकाऐवजी खटला ठेवला. सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजाने रयतेवर डोईपट्टी बसवली. माणशी पैसे भरा, मग घरात खायला असो वा नसो. रयत भडकली, कचेऱ्यांचे कागद जाळत लंडनपर्यंत गेली. बंड मोडल्यावर धरपकड सुरू झाली, आणि बंडात कोण कोण होतं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच सांगायचं होतं. वर्गातल्या काही मुली आरोपी, काही वकील, आणि निकाल द्यायला पंच म्हणून आम्ही आया. माणशी पट्टी म्हणजे काय, हे इकाम्याचे, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचे, माणशी पैसे भरणाऱ्या घरातल्या बायकांना समजवावं लागलं नाही. आम्ही सगळ्या आधीपासूनच बंडखोरांच्या बाजूच्या!

माझ्या लेकीच्या वाट्याला आलेली बाई मुळात बिअर गाळून विकायची. आता ते शाळेत कसं चालणार? बाईंनी तिला सरबतवाली करून टाकली. तेव्हाच्या इंग्लंडात लिंबं कुठून आली, असं मी विचारलं तर लेक म्हणाली, “अम्मी, प्लीज.” ड्रेस म्हणून नवऱ्याने गुरांच्या चाऱ्याची गोणी आणली, तिला मी भोकं पाडून बाह्या शिवल्या. दोनदा धुतली, तरी गोठ्याचा वास काही हटला नाही.

गोम अशी होती की खटल्यात बोलायचं ते वकिलांनी. आरोपीने फार तर एखादं वाक्य बोलायचं, नाहीतर नुसती मान हलवायची. मात्र ज्याला फाशी होईल त्याला शेवटचं भाषण करता येणार. जो सुटला तो खलास, घरी जा. लेकीने भाषण स्वतः लिहिलं होतं आणि आठवडाभर ती ते फ्रीजसमोर उभी राहून म्हणत होती. एवढी सलग वाक्यं मी तिच्या तोंडून जन्मात ऐकली नव्हती. सुटली असती तर पुन्हा झाडच! निघताना दारात मला म्हणाली, “अम्मी, डोन्ट सेव्ह मी.”

पहिली आरोपी लोहारीण. “मी फक्त आरडाओरडा कसला ते बघायला गेले होते,” एवढंच ती म्हणाली आणि ओठ काढले. आमच्या पंचायतीतली हैदराबादची बाई विरघळली. “अरे बच्ची है, जाने दो!” सुटली. मग मेंढपाळ सुटली, न्हावीण सुटली. केरळच्या एका आईने तर पर्समधला डबा काढून कैदेतल्या सगळ्यांना खजूर वाटले. आमच्या गावच्या जमातीच्या बैठकीतही असंच होतं. कितीही मोठं भांडण असो, शेवटी सगळ्यांना चहा पाजून घरी पाठवतात. इतिहासाच्या बाई घाम पुसत होत्या. इतिहासात एवढी माणसं मेली आणि इथे एकही मरेना!

मग माझी लेक आली. गोणीचा वास आला तशी न्यायाधीश झालेल्या पोरीने खुर्ची मागे सरकवली. वकील झालेल्या मुलीने विचारलं, कागद जाळलेस? लेकीने प्रश्न संपायच्या आत मान हलवली. राख उडवलीस? जोरजोरात हलवली.

“बेचारी डर गई है,” हैदराबादवाली म्हणाली.

“डरी-वरी कुछ नहीं!” मी उसळले. “कबूल कर रही है ना! लटकाओ!”

“कैसी माँ हो तुम?”

“इसी की माँ हूँ! मेरे को मालूम है! घर में चादर तक नहीं समेटती, कागद जलाएगी नहीं तो क्या?”

कागद आणि चादरीचा काय संबंध, ते मलाही माहीत नाही. पण मी हटले नाही. कोकणातली आहे मी, मासेवालीशी हुज्जत घालून वाढलेली. शेवटी वैतागून हैदराबादवालीच म्हणाली, “आपकी बेटी है, आप जानो.” दोषी!

लेकीचा चेहरा असा उजळला, जसा काही ईदचा चंद्र दिसला. ती पुढे आली आणि इंग्रजीत बोलायला लागली. “तू तिथे होतीस का, असं सगळ्यांनी मला विचारलं. का गेलीस, ते कुणी विचारलं नाही. मी रोज बाजारात बसते. पण राजा डोकी मोजतो तेव्हाच फक्त मी त्याला दिसते. त्या दिवशी मी पहिल्यांदा ओरडले, आणि माझा आवाज मलाच आवडला.”

या अल्ला! हे तिने कुठून आणलं? शेजारी हैदराबादवाली नकाबाखाली हुंदके देत होती. आणि मी, जिने एवढं भांडून फाशी मिळवली ती मी, ताडकन उभी राहून अस्सल मराठीत ओरडले, “सोडा तिला! मी माझा निकाल मागे घेते!”

इतिहासाच्या बाईंनी कपाळाला हात लावला.

लेकीने गोणीतून हात वर केला आणि फाटकावरच्या वॉचमनलाही ऐकू जाईल अशा आवाजात, त्या शाळेत कधी नव्हे ते मराठीत म्हणाली, “अम्मी, गप बस ना! माझं अजून संपलेलं नाही!”

मी खाली बसले. ती पुढे बोलत राहिली.