परवाइल्ले

नाशिकहून चेन्नईला आले तेव्हा मला तमीळ येत नव्हतं, पण येतं असा माझा समज होता. चार शब्द कळले की माणसाचं असं होतं.

गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यातल्या टाक्यांवर एक संगणक लक्ष ठेवायचा. त्याला स्वतःबद्दलची माहिती पुरवायचं काम माझ्याकडे होतं. टाकीत काय चाललंय ते त्याला सेन्सर सांगत. पण त्या सेन्सरवर कितपत विश्वास ठेवायचा, हे त्याला कोण सांगणार? म्हणून मी एक तक्ता बनवला. प्रत्येक सेन्सरची एक ओळ: कुठे बसवलाय, कधी तपासला, अवस्था कशी. अवस्थेला दोनच पर्याय ठेवले, 'ठीक' आणि 'नादुरुस्त'. ठीक असला की पडद्यावर हिरवा ठिपका. संगणकाला आता स्वतःची ओळख आहे, असं मी मीटिंगमध्ये सांगितलं आणि वर टाळ्याही घेतल्या.

तक्त्यासाठी माहिती दिली ती तिथल्या सर्वांत जुन्या ऑपरेटरने. तंजावरकडचे मराठी, राहायला मैलापूरला. मी त्यांना काका म्हणायचे. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा जुनं आणि मध्येच तमिळमध्ये शिरणारं. एका टाकीच्या खोलीत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर होता. त्याच्यापाशी ते थांबले, बघितलं आणि म्हणाले, "परवाइल्ले."

हा शब्द मला येत होता. बसमध्ये पाय तुडवला तर लोक म्हणतात. डब्यातली भाजी कशी आहे विचारलं तरी म्हणतात. मी 'ठीक' लिहिलं आणि पुढे गेले.

काही महिन्यांनी काका त्याच खोलीत गेले आणि बेशुद्ध होऊन पडले. आतला ऑक्सिजन कमी झाला होता. सेन्सरला ते उशिरा कळलं. बाहेरच्यांनी ओढून काढलं म्हणून वाचले, पण गुडघा कामातून गेला. चौकशीत सेन्सर दोषी ठरला, बदलला गेला. माझ्या तक्त्याबद्दल कोणी विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही.

महिन्याभराने त्यांच्या घरी गेले. काकूंनी कॉफी दिली. गुडघा कसा आहे, मी विचारलं. परवाइल्ले, ते म्हणाले, आणि पाय जरा सरळ करताना त्यांचा चेहरा कसनुसा झाला. या वेळी मी विचारलं, परवाइल्ले म्हणजे नक्की काय?

"दुखतो. पण सोसतो," ते म्हणाले. "म्हणून परवाइल्ले."

म्हणजे तो सेन्सरसुद्धा? त्यांनी मान हलवली. तो मंद आहे हे त्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं ते खोलीचं दार उघडून, बराच वेळ बाहेर थांबून मगच आत जात. मग त्या दिवशी का थांबला नाहीत?

"तुम्ही पडद्यावर हिरवा केलात," काका म्हणाले. "मला वाटलें, नवा बसवला."

संगणकाला आपल्यापेक्षा जास्त कळतं असं त्यांनी धरलं होतं, आणि संगणकाला कळलं होतं ते त्यांच्याच तोंडून, माझ्या हातून. लाज वाटत होती तरी सांगून टाकलं: ती ओळ मी भरली, तुमच्या शब्दावरून, शब्द न कळता.

काकांनी कप खाली ठेवला. दोन्ही हातांनी गुडघा धरून पाय जरा लांब केला.

"परवाइल्ले," ते म्हणाले.

आता मला तो शब्द येत होता.