जपानच्या मशिनीतली राख

परळीच्या बाजारात मल्लम्माच्या भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक टिकून होतं ते मालामुळं; मालकिणीच्या तोंडामुळं ते कधीच तुटलं असतं. लग्नाचा हंडा घ्यायला आलेल्या पोरीच्या बापाला ती म्हणायची, "एवढासा हंडा देऊन लेक कुणाच्या घरी धाडताय, चिमण्यांच्या?" आणि तो बाप खजील होऊन मोठा हंडा उचलायचा. तिचा नवरा सिद्धाराम वारला तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. दुकान आवरून घे, असा सल्ला भाऊबंदांनी दिला. सल्ला देणाऱ्या एकेकाकडं तिनं असं बघितलं की पुन्हा कुणी ती पायरी चढलं नाही. पुढं ते बघणं तिच्या डोळ्यांतच बसलं. नाक जरा वर, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, आणि समोरचा माणूस म्हणजे पोचा पडलेलं पातेलं.

पोटचा पोरगाही या नजरेतून सुटला नव्हता. मन्मथ बी. कॉम. झाला, सत्ताविशीत आला, तरी दुकानात त्याला स्वतःचं असं काही नव्हतं. तांब्या उलटा ठेवला तरी माय बोलायची, सुलटा ठेवला तरी बोलायची. दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर तो स्टीलचा माल बघायला हैदराबादला गेला आणि परत आला तो व्हिडिओ गेमची मशीन विकत घ्यायचं ठरवून.

"माय, जपानची हाय," तो दारातूनच म्हणाला. "मोटार चालवायची मशीन. खुर्ची हाय, स्टेरिंग हाय, समोर पडद्यावर रस्ता. हैदराबादेत लोक लाईन लावतेत."

"जाती कुठं?"

"कोण?"

"मोटार."

"कुठं न्हाई जात. जागेवरच."

"मग लाईन कावून लावतेत?"

पण या वेळी मन्मथ हटला नाही. दुकानाच्या डाव्या अंगाची मांडणी काढून त्यानं जागा केली, आणि आठ दिवसांनी ट्रकमधून मशीन आली. लाल रंगाची, पुरुषभर उंच, दोन्ही अंगांनी आगीच्या ज्वाळा रंगवलेल्या. तिच्यासोबत कंपनीचा एजंट आला, बद्रीनाथ नावाचा. गळ्यात टाय, हातात ब्रीफकेस. मशीन लावताना त्यानं भोवती चादर धरायला लावली आणि सगळ्यांना बाहेर काढलं. "नाजूक काम आहे अम्मा. हा बोर्ड खास जपानमध्येच बनतो. हवा लागली तरी बिघडतो."

"हवा न लागता चालते म्हणजे भूतच की," मल्लम्मा म्हणाली. बद्रीनाथ हसला. तिला त्याचे दात आवडले नाहीत.

मशीन चालली, आणि जोरात चालली. औष्णिक वीज केंद्राच्या कामावरचे ठेकेदार, साखर कारखान्यातले कारकून, अंबाजोगाईहून देवदर्शनाला आलेले डॉक्टरकीचे विद्यार्थी, सगळे त्या खुर्चीत बसून गुडघे आवळायचे आणि वळणावर अंगानिशी कलायचे. मल्लम्मा गल्ल्यावर बसून बघायची. मिशा पिकलेला एक हेडमास्तर पडद्यावरची मोटार भिंतीवर आदळली की "अर्रर्र" करून स्वतःचं कपाळ धरायचा.

"मास्तर, लागलं का?" ती विचारायची.

मास्तर ओशाळा व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा. असल्या माणसांचं तिला नवल वाटत नसे; किळस यायची. दिवसभर घाम गाळायचा आणि संध्याकाळी नसलेल्या रस्त्यावर नसलेली गाडी पळवायची! आणि तिचा लेक त्यांच्या मागं उभा राहून "डावीकडं घ्या साहेब" करायचा. मायला सांगताना त्याचा आवाज एवढा कधी उघडला नव्हता.

दोन महिन्यांनी मशीन बंद पडायला लागली. मोटार भरधाव असताना पडदा काळा व्हायचा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं यायची, आणि सगळं पहिल्यापासून सुरू व्हायचं. बद्रीनाथ आला. चादर धरली, तासभर आत खुडबुड केली, बोर्ड दुरुस्त झाला म्हणाला, मेहनताना घेऊन गेला. महिन्यानं पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यानं मान हलवली. "बोर्ड जळाला, मन्मथशेठ. जपानहून नवा मागवावा लागेल. पंधरा दिवसांत घेऊन येतो."

मन्मथनं मान डोलावली. नव्या बोर्डासाठी उरलेल्या मांडणीतली पितळी भांडी मोडीत काढावीत, असं तो रात्रीच्या जेवणावर चाचरत बोलला. मल्लम्मानं ताटातला हात थांबवला, त्याच्याकडं बघितलं आणि पुन्हा जेवायला लागली. त्या बघण्यानं मन्मथची भूकच गेली.

सकाळी तो नळाच्या बिलासाठी नगरपालिकेत गेला, तेव्हा तिनं गल्ल्यातला स्क्रूड्रायव्हर घेतला. मशिनीच्या पाठीवर इंग्रजी छापलेली पट्टी चिकटवली होती. ती नखानं फाडली, सहा स्क्रू काढले आणि फळी भिंतीला टेकवून ठेवली.

आत जवळजवळ काहीच नव्हतं. एवढं मोठं लाल धूड आणि पोटात पोकळी. वर टीव्हीची पाठ, चार वायरी लोंबलेल्या, आणि खाली तळाला एक मळकट पांढरा डबा. तो डबा तिनं बघितलेला होता. लाईट बिलाच्या खिडकीत कारकून ज्याच्यापुढं बसतो तो हाच. बँकेतल्या बाईच्या टेबलाखाली असतो तो हाच. आणि डब्यावर, डब्याच्या जाळीत, वायरींवर करड्या राखेचा असा थर बसला होता की बोट टेकवलं तर पेरभर आत जावं. औष्णिक केंद्राची राख परळीत कुणाला नवी नाही. हंडे दिवसातून दोनदा पुसावे लागतात. पण हंड्यांना फडकं मिळत होतं. या डब्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"ह्याच्यासाठी टाय बांधून येत होता व्हय?" ती मोठ्यानं म्हणाली.

स्टेशनच्या रस्त्यावर प्रवीणचं संगणक टायपिंगचं दुकान होतं. प्रवीण मन्मथचा शाळेतला सोबती, भीमनगरातला. त्याचा बाप रेल्वेत गँगमन होता. लहानपणी तो मन्मथसोबत दुकानात यायचा, आणि पाणी मागितलं की मल्लम्मा तांब्या उंच धरून त्याच्या ओंजळीत वरून ओतायची. त्यानं कधी तक्रार केली नाही. सातवीनंतर मात्र तो तिच्याकडं पाणी मागायला आला नाही.

मल्लम्मा त्याच्या दाराशी उभी राहिली. आत गेली नाही.

"आमच्या मशिनीत तुझ्या दुकानातल्यासारखाच डबा निघालाय. येऊन बघ."

प्रवीणनं हातातलं काम संपवलं, मगच उठला. त्यानं डबा बाहेर काढला, झाकण उघडलं, आणि त्याच्या तोंडावर हसू आलं. तेवढ्यात मन्मथ परतला. मशिनीचं पोट उघडं बघून तो दारातच थबकला.

"मन्या, पेंटियम थ्री हाय बे," प्रवीण म्हणाला. "बाजारात मिळतो तसला कॉम्प्युटर. गेम हार्ड डिस्कवर भरलाय. स्टेरिंगच्या वायरी मागनं जोडल्यात, बास. जपानचं काय न्हाई ह्यात."

"मग बोर्ड जळाला तो?" मन्मथनं विचारलं.

"काय जळलं न्हाई. पंखा राखेनं जाम झालाय. डबा तापतो आणि बंद पडतो. तो येऊन वरवर झटकून जात असंल, म्हणून महिनाभर चालायचं."

मन्मथ मशिनीकडं बघत राहिला. मल्लम्मा त्याच्याकडं बघत होती. ती काही बोलली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

प्रवीणनं रंगाच्या ब्रशनं राख झाडली, दुकानातून जुना पंखा आणून बसवला. मशीन सुरू झाली. पडद्यावर आधी विंडोजची खूण आली, मग ज्वाळा, मग रस्ता. मल्लम्मानं समोरच्या हॉटेलवाल्याला हाक मारली. "तीन चहा दे. दोन आमच्या कपात ओत, एक तुझ्या काचेच्या ग्लासात आण."

शेकडो भांड्यांच्या त्या दुकानात प्रवीणसाठी भांडं नव्हतं. तो स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकत होता. त्यानं मान वर केली.

"चहा नको, काकू. मी माझ्या दुकानात पितो."

आणि जाता जाता त्यानं तिच्याकडं बघितलं. रागानं नाही. पापण्या जरा खाली आणून, मापून, आणि मग दुसरीकडं. ते बघणं मल्लम्माला चांगलं ओळखीचं होतं. आजवर ती ते लोकांना देत आली होती. तिच्या वाट्याला ते कधी आलं नव्हतं. काचेचा ग्लास गल्ल्यावर तसाच निवला. "मोठा आलाय," ती पुटपुटली, पण तो दूर गेल्यावर.

पंधरा दिवसांनी बद्रीनाथ खोकं घेऊन आला. खुर्चीत हेडमास्तर बसला होता आणि मशीन झकास चालली होती.

"कुणी उघडली?" त्याचा आवाज चढला. "सील तोडलं? आता कंपनी जबाबदार नाही!"

मल्लम्मा गल्ल्यावरून उठली. तिनं मशिनीची पाठ सगळ्यांसमोर उघडली. "ह्यात जपान कुठं हाय, दाखवा."

"अम्मा, तुम्हाला त्यातलं कळत नाही."

"मला भांड्यातलं कळतंय. कल्हई करून पितळेला चांदी म्हणणारे लई बघितले. निदान त्यांची कल्हई तरी खरी असती." ती हेडमास्तराकडं वळली. "मास्तर, तुमी ज्याच्यात बसून कपाळ बडवताय ना, ती लाईट बिलाची मशीन हाय."

दुकानात हशा पिकला. मास्तर खुर्चीतून उतरला. बद्रीनाथचे कान लाल झाले. "बघू द्या, काय मोडून ठेवलंय," असं म्हणत तो मागं वाकला, क्षणभर हात आत घातला, आणि खोकं उचलून तरातरा निघून गेला.

मल्लम्माला त्या दिवशी जेवण गोड लागलं. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केली तर पडद्यावर एकच ओळ आली आणि गेम पुढं जाईना. मन्मथ स्वतः जाऊन प्रवीणला घेऊन आला. प्रवीणनं डब्याची पाठ चाचपली.

"हितं काड्यापेटीएवढी डबी लावलेली होती. गेमची चावी असती ती. त्यानं काढून नेली."

"दुसरी लाव," मल्लम्मा म्हणाली.

"कंपनीशिवाय न्हाई मिळत. डबी न्हाई तर गेम न्हाई."

"म्हणजे भंगार."

"भंगार कावून? कॉम्प्युटर चांगला हाय. माझ्यापेक्षा भारी हाय."

मन्मथ खाली बसला होता, डब्यावर हात ठेवून. "प्रवीण," तो म्हणाला, "हा डबा घेऊन तुझ्या दुकानात आलो तर? लग्नपत्रिका, बिलबुकं... मला शिकवशील?"

"त्याच्या दुकानात?" मल्लम्माचा आवाज फाटला. "तू? त्याच्या हाताखाली?"

प्रवीण तिथंच उभा होता. समोरचा हॉटेलवाला कपबशी विसळायचा थांबला.

"हो, त्याच्या दुकानात," मन्मथ म्हणाला. "हितं मी कुणाच्या हाताखाली हाय, माय?"

प्रवीणनं वायरी सोडवल्या. डब्याची एक बाजू त्यानं धरली, दुसरी मन्मथनं, आणि दोघं पायऱ्या उतरून गेले.

लाल सांगाडा महिनाभर पडून होता. मग भंगारवाल्यानं कुऱ्हाडीनं तोडून नेला. मांडणी पुन्हा लागली. मन्मथ जेवायला मात्र घरीच यायचा. गिऱ्हाईकांनी विचारलं तर मल्लम्मा सांगायची, "टाईप करतोय लोकांचं. बी. कॉम. करून." त्यात अजून विष असायचं. पण बद्रीनाथला हाकलल्याची गोष्ट ती कुणाला सांगत नसे. ती सांगायची तर त्या डबीपर्यंत यावं लागायचं, आणि तोंड आवरलं असतं तर मशीन चालली असती हे तिला कळत होतं.

पुढच्या वर्षी तिची बिलबुकं संपली. ज्या छापखान्यातून ती सिद्धारामच्या काळापासून छापून यायची, तिथं आता मोबाईलचं दुकान झालं होतं. दोन दिवस तिनं चालढकल केली. तिसऱ्या दिवशी स्टेशनच्या रस्त्यानं निघाली, प्रवीणच्या दुकानाशी थांबली, आणि या वेळी चप्पल काढून आत गेली.

प्रवीणनं स्टूल पुढं केलं. मजकूर घेतला, छापून नमुना तिच्या हातात दिला. तिनं डोळे बारीक करून वाचला.

"नाव चुकलंय. सिद्धाराम. तुमी सिदराम केलंय."

"बरोबर हाय, काकू. आमची चूक," प्रवीण म्हणाला. आपण त्याला 'तुमी' म्हणालो, हे तिच्या लक्षात यायला जरा वेळ गेला. त्याच्या लक्षात आधीच आलं असावं. तो नाव दुरुस्त करायला वळला.

कोपऱ्यात मन्मथ बसला होता. त्याची दहाही बोटं खाली न बघता चालत होती आणि पडद्यावर कुणाच्या तरी लेकीची लग्नपत्रिका ओळीओळीनं उमटत होती. मल्लम्मा पाठीमागं जाऊन उभी राहिली. चुकलेली एखादी वेलांटी सापडते का, ते तिनं बघितलं. सापडेना. तिनं पुन्हा वरपासून बघितलं.

"पाठ सरळ करून बस," शेवटी ती म्हणाली. "कुबड येईल."