भिंतीबाहेरचा विस्तव

शनिवार, सोळा ऑगस्ट. माझ्या मैत्रिणीच्या, शुभदाच्या, सिंगापुरातल्या हौगांगच्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर रिकामं करायचं होतं. ती जुलैत गेली. तापाने ॲडमिट झाली, डेंग्यू निघाला, आणि आठवड्याच्या आत शिरीषचा, तिच्या नवऱ्याचा, फोन आला : "मंगल, संपलं गं." मी वन-नॉर्थच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. मीटिंग पुरी केली आणि मग निघाले. मला तसंच जमतं. आता शिरीष पुण्याला परत चालला होता, म्हणून डबे, कुकर, पोळपाट यांची वाटणी माझ्याकडे आली. तिची मुलगी रेवा एकेक वस्तू वर धरून विचारत होती, "मावशी, धिस वन थ्रो आ?" आणि मी हो किंवा नाही म्हणत होते.

शुभदा पुरातत्त्व शिकलेली होती हे इथल्या बऱ्याच जणांना ती गेल्यावरच कळलं. लग्नाआधी ती शिष्यवृत्तीवर इटलीला गेली होती आणि दोन उन्हाळे एका रोमन ठाण्याच्या उत्खननावर होती. हमरस्त्यालगतचं ठाणं. सरकारी निरोपे तिथे घोडे बदलायचे, आंघोळ करायचे, रात्रीपुरते राहायचे. शुभदाला भिंतीबाहेरचा एक लहानसा चर दिला होता, कारण तिथे काही निघणार नाही याची सगळ्यांना खात्री होती. निघाली राख, हाडं, जाडीभरडी काळी खापरं. उत्खननाच्या प्रमुखांनी वरून डोकावून पाहिलं आणि म्हणाले, उकिरडा आहे, आतल्या लोकांनी भिंतीवरून फेकलेला कचरा. अहवालातही तेच छापलं गेलं. पण शुभदाने राखेखालची माती पाहिली होती. ती भाजून लाल झालेली होती.

"टाकलेल्या राखेने माती भाजत नाही गं," ती मला सांगायची. "विस्तव तिथेच पेटला होता. एकावर एक थर आहेत... म्हणजे माणसं पुन्हा पुन्हा येऊन थांबत होती."

हे ती तिथे मात्र बोलली नाही. इटालियन कच्चं, वय लहान, प्रमुख मोठे. पुढच्या उन्हाळ्यात सांगू, असं तिने ठरवलं. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं आणि ती शिरीषच्या मागे डिपेंडंट पासवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या परवान्याच्या आधारावर, सिंगापूरला आली.

तिला तिच्या विषयातलं काम इथे मिळालं नाही. पण नजर तीच राहिली. एकदा माझ्याकडे खिचडी करपली तर मॅडमनी पातेलं उलटं करून बघितलं. "एकाच बाजूने काळं झालंय. तुझा बर्नर बिघडलाय." मी म्हटलं, आधी ताटं घे. बर्नर खरोखरच बिघडलेला निघाला.

दोनेक वर्षांपूर्वी आमच्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात तिने या ठाण्यावर भाषण केलं. तिने विषय दिला होता 'मुक्काम पोस्ट', आणि पत्रिकेवर छापून आलं 'रोमन धर्मशाळा'. ती संतापली. माइक हातात आल्याबरोबर म्हणाली, "धर्मशाळेत कुणीही उतरतं. इथे सरकारी परवाना दाखवल्याशिवाय दार उघडत नव्हतं. मुक्काम खरा, आणि पोस्टही खरं, डाकेचे घोडे तिथेच बदलायचे. गावाकडच्या पत्त्यात आपण जे लिहितो ना, मु. पो., ते अक्षरशः हेच."

मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे एम्प्लॉयमेंट पासच की!" सगळे हसले. शुभदाही हसली, आणि म्हणाली, "हो. आणि ज्यांच्याकडे पास नव्हता ते भिंतीबाहेर झोपायचे. माझा चर त्यांचा होता." त्यावर कुणी हसलं नाही. मग चहा आला.

हे लिहून पाठव, असं मी तिला त्यानंतर दर भेटीत म्हणायचे. आधी रेवाच्या ओ-लेव्हल्स होत्या, म्हणजे इथली दहावी. मग पुण्याला सासूबाईंचे गुडघे. मग तिचं म्हणणं असं की इतक्या वर्षांनी कोण विचारतंय, आयुष्यभर उकिरडे फुंकले एवढंच म्हणतील. एका परिच्छेदाचं काम होतं. ती ते करू शकली असती, आणि तिने ते केलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात, पण मला सगळ्यात जास्त तेच लागून राहिलंय.

शनिवारी दुपारी रेवाने फ्रिजच्या मागून एक फोटोची चौकट काढली. तपकिरी मातीत एक लाल डाग, शेजारी मापाची पट्टी. "धिस वन थ्रो आ? जस्ट मड, लाह."

"तुझ्या आईचा उकिरडा तो," शिरीष म्हणाला. तो प्रेमानेच म्हणाला. त्यांच्या घरात ती जुनी थट्टा होती.

"उकिरडा नाहीये," मी म्हटलं, जरा जोरातच. मग रेवाला सगळं सांगावं लागलं. ती ओट्याला टेकून ऐकत होती.

"सो आई वॉज राइट?"

"हो."

"देन व्हाय शी नेव्हर टेल देम?"

ती शिरीषकडे वळली. "पप्पा, तुला माहीत होतं?" तिने मराठीत विचारलं. शिरीष चौकटीवरची धूळ पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "मी म्हणायचो, जाऊ दे ना... मला वाटायचं, तिला बरं वाटेल."

मी चौकट पिशवीत घातली आणि भांडी बांधायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, मी त्या फोटोचा फोटो काढला. त्या ठाण्याच्या वस्तू जिथे ठेवल्यात त्या लहानशा म्युझियमचा ईमेल शोधला आणि साध्या इंग्रजीत लिहिलं : राखेखालची माती भाजलेली आहे, विस्तव तिथेच पेटला होता, इथे माणसं राहत होती. मी तज्ज्ञ नाही, हेही लिहिलं. खाली शुभदाचं नाव घालताना थांबले. उत्खननाच्या यादीत ती लग्नाआधीच्या नावाने असणार, आणि ते आडनाव मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं. शिरीषला फोन करून विचारलं. मग ते नाव घातलं आणि ईमेल पाठवून दिला.