रिकाम्या टाकीची पूजा

हिच्या हाताला ब्रेक नाही, असं आमचे हे माझ्याबद्दल गॅरेजात येईल त्याला सांगायचे. एका खंडेनवमीला आबांनी ते अंगावर अनुभवलं.

नव्वदच्या दशकात निमगाव केतकीत, बारामती-इंदापूर रस्त्याला लागून, आमचं पत्र्याचं गॅरेज होतं. हे गाड्या दुरुस्त करायचे आणि मी गिऱ्हाइकं सांभाळायचे; भांडणं आली की तीही माझ्याकडेच. गॅरेजात काडी ओढायची नाही, हा यांचा कायदा होता. कुणी बिडी काढली की हे त्याला हाताला धरून रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली नेऊन बसवत. खंडेनवमीलाही पाने, हातोड्या, जॅक आत पाटावर मांडायचो, हळदकुंकू आणि झेंडू वाहायचो. कापूर मात्र लिंबाखालीच पेटायचा.

आबा म्हणजे आमचं जुनं, मानाचं गिऱ्हाईक. त्यांची पेट्रोलची जीप टाकी गळते म्हणून आली होती. टाकी उतरवून यांनी सगळं पेट्रोल काढून घेतलं होतं आणि दसऱ्यानंतर पाणी भरून मगच वेल्डिंग करायचं ठरवलं होतं. आबा सणाला आले, स्वतःचं ताट घेऊन. आपल्या जीपची टाकी कोपऱ्यात बेवारशासारखी पडलेली त्यांना बघवेना. त्यांनी ती उचलून पाटावर ठेवली, हार घातला आणि उघड्या तोंडासमोर कापराचं ताट ठेवलं.

"आबा, आरती लिंबाखाली करायची," मी अंगणातूनच सांगितलं.

"आगं, टाकी रिकामी हाय," म्हणत त्यांनी काडेपेटी उघडली.

पाटाला लागूनच एक गाडी उभी होती आणि तिच्याखाली हे झोपून काम करत होते. यांचे पाय तेवढे दिसत होते. मी आत धावले. अंगणात शिंपडायला घेतलेली पाण्याची बादली मी तशीच आबांवर रिकामी केली. ताट, कापूर, काडेपेटी, आबांची टोपी, सगळं चिंब.

आबांनी टपकती टोपी काढून पिळली. मग म्हणाले, "सूनबाई, सणासुदीचं ह्ये काय?"

हे गाडीखालून बाहेर आले. ओली काडेपेटी पाहिली, टाकी पाहिली आणि यांचा चेहरा उतरला. आबांना यांनी टाकीपाशी नेलं.

"आबा, वास घ्या. येतोय का?"

"येतोय की."

"मंग रिकामी कशी? पेट्रोल गेलं, वाफ हितंच हाय, काडी लागली की बाँब. भरल्या टाकीपरीस मी हिला जास्ती भितो."

आबांना आता वेगळंच सुचलं. "लांब रानात नेऊन बघू की, कशी पेटती ती."

"आन् बघितल्यावर सांगायला कोण ऱ्हाणार, आबा?"

मग यांनी मोर्चा माझ्याकडे वळवला. "आन् तू ध्यानात ठेव. पेट्रोल पेटल्यावर पाणी मारायचं न्हाय. वाळू लागती."

माझं डोकं फिरलं. "पेटायच्या आदी मारलंय म्या. वाळू मारली असती तर आबांच्या डोळ्यांत गेली असती," मी म्हणाले. आधी आबा हसले, मग हे. मीही हसायला लागले आणि हसता हसता रडले. आरती राहिली तर अपशकुन होईल, असं आबांना वाटत होतं, म्हणून ओल्या धोतरानिशी ते आमच्यासोबत लिंबाखाली आले. घरातून नवी काडेपेटी आणून मीच त्यांच्या हातात दिली.

पुढच्या खंडेनवमीला आबा सगळ्यांच्या आधी हजर. जीप धडधडत आली. ताट नव्हतं, खांद्यावर वाळूने भरलेली बादली होती. दारातच त्यांनी खिशातली काडेपेटी काढून माझ्या हातावर ठेवली, मग आत येऊन बादली पाटाच्या मधोमध मांडली.

"ही भरलेली हाय बरं का, सूनबाई," म्हणाले आणि माझ्यापासून दोन हात लांब उभे राहिले.

एका गिऱ्हाइकाची घाई होती, म्हणून हे सणाच्या दिवशीही गाडीखाली शिरले. पाय तेवढे दिसत होते. मी बादलीला हळदकुंकू लावलं आणि जॅकपेक्षा दोन फुलं जास्तच वाहिली.