नाही म्हणायची तालीम

आपांना माझ्या भूगोल विभागाच्या प्रमुखांची नक्कल इतकी हुबेहूब जमायची, की ती नक्कल आहे हे माहीत असूनही मी आपोआप ताठ उभी राहायचे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात पेनचं टोपण, आणि समोरच्याकडे न बघता, "बोला मॅडम, काय म्हणणं आहे?"

आम्ही चौघं कॉलेजात नवे लागलेलो. आपा वनस्पतिशास्त्राच्या, आमच्याहून जेमतेम तीन वर्षांनी जुन्या. शनिवारी प्रॅक्टिकल संपून मुलं गेली, की त्या आम्हाला प्रयोगशाळेत बोलवायच्या. नव्या प्राध्यापकांनी एकमेकांना सांभाळायचं, असा काहीतरी उदात्त हेतू त्यांनी सुरुवातीला सांगितला होता. प्रत्यक्षात तिथं एकच विषय चाले, वरिष्ठांना नाही म्हणणं. आपा उंच स्टुलावर साहेब होऊन बसायच्या आणि आम्ही एकेक जण दारातून आत यायचो.

नियम एकच होता. नाही म्हणताना कारण द्यायचं नाही. गणिताच्या देशमुखला हे पटेना. तपासणी समितीच्या फायलींसाठी रविवारी यायला त्याने नम्रपणे नकार दिला, "सर, आईला दवाखान्यात न्यायचंय." आपा म्हणाल्या, "मग कॉलेजची गाडी घेऊन जा की. आईंना दाखवा, घरी सोडा, अन् अकराला या." देशमुख "बरं, सर" म्हणून मोकळा झाला. आपांनी चष्मा वर केला. "कारण दिलं की ते कारणाचा बंदोबस्त करतात, मियाँ. अन् काम ऱ्हातंच आपल्या गळ्यात."

माझं प्रकरण जास्त अवघड होतं. कन्नड तालुक्यातल्या विहिरींची पाणीपातळी मी दोन उन्हाळे मोजली होती, जीपमध्ये दाटीवाटीनं बसून, उन्हात करपून. त्यावरच्या शोधनिबंधावर विभागप्रमुखांना पहिलं नाव स्वतःचं हवं होतं. "तुमचं प्रोबेशन यंदा संपतंय ना?" एवढंच ते म्हणाले. या माणसाने एकाही विहिरीत वाकून पाहिलं नव्हतं. पण माझी नोकरी त्यांच्या शेऱ्यावर होती आणि सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

त्या शनिवारी मी गेले, तर आपा कपाट आवरत होत्या. त्यांची नेमणूक कंत्राटी, दरवर्षी नव्या पत्रावर चालणारी. कुणा बड्या माणसाच्या मुलाला, तो प्रॅक्टिकलला आलेला नसताना, गुण द्यायला त्यांनी नाही म्हटलं होतं. त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. पुढील वर्षी आपल्या सेवेची आवश्यकता नाही, एवढी एकच ओळ. मी रडकुंडीला आले आणि आपा हसल्या.

"बघ, कारण नाय दिलं. आपल्याकडूनच शिकले वाटतं."

मी म्हटलं, "आपा, मी हो म्हणून टाकते."

त्यांनी कपाट लावलं, स्टुलावर चढल्या, चष्मा खाली ओढला. "बाहेर जा, साळवे. अन् आत ये." सात वेळा करून घेतलं. आठव्या वेळी माझा आवाज कापला नाही. मग त्या पिशवी उचलून देवगाव रंगारीच्या एसटीला गेल्या. मला त्यांचा फार राग आला होता, इतकं शांतपणे जाण्याचा.

सोमवारी मी पहिलं नाव द्यायला नाही म्हटलं, तेव्हा सरांनी विचारलं, "कारण काय?"

"नाही, सर," मी पुन्हा म्हटलं आणि तिथंच उभी राहिले. त्यांनी पेनचं टोपण दोनदा काढलं, दोनदा लावलं. "या तुम्ही," ते म्हणाले.

माझं प्रोबेशन वर्षभर लांबलं. शोधनिबंध मात्र माझ्या एकटीच्या नावाने छापून आला. आपा आता गावच्या शाळेत आहेत. परवा फोनवर म्हणाल्या, "इथले मुख्याध्यापक लई जपून बोलतेत माझ्याशी."

शनिवारी त्या स्टुलावर मी बसते. मला चष्मा लागत नाही, म्हणून बिनकाचेची फ्रेम आणलीय. एक पत्र काढलं की विषय संपला, असं वरिष्ठांना वाटलं होतं. तेव्हा आम्ही चौघं होतो. आता अकरा जण आहोत.