मावशीचा उभा स्कॅन

शिवणकारखान्यात आवई उठली होती, की कात्रीबाईला, म्हणजे कापड कापणाऱ्या मावशीला, काहीएक झालेलं नाही, तिला फक्त बसायला स्टूल हवंय. पुरावाही होता म्हणे. मोठ्या मशीनमध्ये झोपवून कमरेचे फोटो काढले, तर कंबर विशीतल्या पोरीसारखी ठणठणीत!

फोटो खरे होते, आवई खोटी. झोपली की मावशीला दुखतच नव्हतं. दुखायचं ते उभी राहिल्यावर. कापडाच्या थप्पीवर कटिंग मशीन फिरवायला घेतलं, की थोड्या वेळात डावा पाय बधिर. स्वतःचाच पाय, पण शेजारणीने ठेवायला दिल्यासारखा.

"अहो बाई, एवढं मोठं मशीन खोटं बोलतं का?" कटिंग खात्याचा मास्तर भुवया टोपीपर्यंत चढवून विचारायचा. "तुम्हाला स्टूल दिलं, की उद्या सगळ्या मागतील. उभं राहवत नसेल तर तसं सांगा, दुसरी कटर बघतो."

एरवी मावशीने त्याची बिनपाण्याने केली असती. आता ती नुसतं "हं" म्हणायची. पायातला बधिरपणा चढत चढत पार जिभेपर्यंत पोचला होता.

शेवटी एका नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "त्रास कधी होतो?"

"उभी असताना."

"मग उभ्यानेच बघू की!"

उभ्याने एमआरआय काढायचं मशीन दुसऱ्या दवाखान्यात होतं. दोन जाड भिंतींच्या फटीत उभं राहायचं. "हलायचं नाय हां, हललात की फोटो पुसट," ऑपरेटर नाकात बोलला. पुसट म्हणजे पुन्हा ढोंगी, आणि टेबलावर दुसरी कटर. ठकठक, घर्रर्र सुरू झालं. पाय गेला. मावशीने समोरच्या भिंतीवर मनातल्या मनात खडूची रेघ ओढली आणि ती कापत राहिली. कापताना अंग हललं की अख्खी थप्पी वाया जाते. ती हलली नाही.

फोटोत दिसलं, की उभं राहिल्यावर एक मणका पुढे सरकतो आणि नस चेपतो. आडवं झालं, की गुमान जागेवर.

रिपोर्ट घेऊन ती कारखान्याला निघाली, तेव्हा सोबत भाची होती. भाची म्हणजे अस्मादिक. रस्ताभर मास्तरच्या भुवया करून दाखवत तिने मावशीला तापवलं आणि पैज लावली, "आज तू त्याला सोलणार! नाही सोललंस, तर महिनाभर भांडी माझ्याकडे."

"लाव," मावशी म्हणाली.

मास्तरने रिपोर्ट वाचला. घसा खाकरला. "अहो बाई, मग आधी नाही का सांगायचं!"

अख्खा कारखाना मशिनी थांबवून बघत होता.

"स्टूल कुठंय?" मावशीने विचारलं. आलं, त्यावर बसली आणि कापड ओढून घेतलं.

त्या संध्याकाळी मोरीतून भाची करवादली, "काहीतरी बोलायचंस ना गं त्याला!"

"काय बोलू?" मावशी डावी मांडी चोळत म्हणाली. "कढईचं बूड राहिलंय बघ."