मेंदूच्या खात्याचा फळा

नाथाजी विरकरचं अक्षर तुम्ही पाहिलं नाहीत, ते राहूनच गेलं म्हणायचं. आता पाहायला मिळायचं नाही.

म्हसवडच्या पलीकडं एका वाडीत जन्म. घरात चार भाऊ आणि रान सगळं खडकाळ, तेव्हा अठराव्या वर्षी गडी फौजेत गेला. तिथं एका सुभेदारानं त्याचं अक्षर हेरलं आणि त्याला पलटणीच्या पेंटरच्या हाताखाली दिलं. सतरा वर्षं त्यानं पाट्या रंगवल्या. ट्रकांचे नंबर, साहेबांच्या दारावरची नावं, बर्फातले मैलाचे दगड, काय म्हणाल ते. इंग्रजी अक्षरं सगळी ओळखीची, अर्थ मात्र दहातल्या दोन शब्दांचा. त्याचं त्याला काही वाटायचं नाही. "अर्थ साहेबानं बघायचा, वळण आपून बघायचं," म्हणायचा.

पेन्शनीत निघाला आणि बायकोला, राहीबाईला घेऊन सांगलीत आला. विद्यापीठात तेव्हा न्यूरोसायन्सचं नवं खातं निघालं होतं. ते नाव जिभेवर बसेना म्हणून शिपायांनी त्याचं 'मेंदूचं खातं' करून टाकलं. नाथाजी तिथं हंगामी शिपाई लागला. पोर्चमध्ये एक मोठा काळा फळा होता. वर मथळा 'आगामी व्याख्याने व कार्यशाळा', आणि खाली महिन्याभरात कोण पाहुणा येणार, कशावर बोलणार, किती वाजता, हे इंग्रजीत. आधीचा कारकून तो फळा असा लिहायचा की पाहुण्याला स्वतःचं नाव वाचता येऊ नये. एका शनिवारी कारकून रजेवर गेला आणि खडू नाथाजीच्या हातात आला. झालं! सोमवारी खात्याच्या प्रमुख शकुंतला मॅडम फळ्यासमोर थांबल्या, पर्स खांद्यावरून घसरली तरी हलल्या नाहीत. त्या दिवसापासून फळा नाथाजीचा झाला.

दर शनिवारी दुपारी त्याचं ते काम चाले. फळा दोनदा ओल्या फडक्यानं पुसायचा, खडू साखरेच्या पाण्यात भिजवायचे म्हणजे रंग उठतो, खडूच्या भुकटीतला दोरा ताणून ओळी मारायच्या आणि मग लिहायला घ्यायचं. पाच वर्षांत एक अक्षर चुकलं नाही. बंगलोरच्या एका पाहुण्यानं तर आपलं व्याख्यान राहू दिलं बाजूला, आधी फळ्याचा फोटो काढला आणि नंतर टपालानं धाडला. राहीबाईनं तो घरात सिद्धनाथाच्या तसबिरीखाली लावला. साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा तिला सही शिकवली तीही ह्यानंच. तिची बोटं आपल्या मुठीत धरून 'राहीबाई नाथाजी विरकर' रोज वीसदा गिरवून घ्यायचा. ती वैतागून म्हणायची, "आवं, मला काय कलेक्टर व्हायचं हाय?" पण वेलांटी चुकली की ह्याला जेवण गोड लागत नसे.

पंचाण्णवच्या दिवाळीनंतर त्याचा हात फिरला. दुखणं नाही, मुंग्या नाहीत. नुसता खडू धरला की मनगट आत वळायचं, अंगठा तळव्यात शिरायचा आणि ओळ खाली घसरायची. खडू ठेवला की हात पुन्हा जिथल्या तिथं! नारळ फोडा, गॅसची टाकी उचला, सुईत दोरा ओवा, कशाला नाही म्हणायचा नाही. फक्त लिहायला नाही. आता असलं दुखणं माणसानं कुणाला सांगावं आणि सांगितलं तर कुणी खरं मानावं?

राहीबाईनं तेलानं हात चोळला. शिरवळला एक हाड बसवणारा होता, त्याच्याकडं दोन खेपा झाल्या. सिद्धनाथाला नवस बोलून झाला. दवाखान्यातल्या डॉक्टरनं शिरेची इंजेक्शनं दिली. फळा मात्र महिन्यागणिक बिघडत गेला. नाथाजी शनिवारी दुपारी बसायचा तो दिवस मावळेपर्यंत पुसायचा आणि लिहायचा, पुसायचा आणि लिहायचा.

खात्याचे अधीक्षक अण्णा. माणूस दुष्ट नव्हता, पण त्याला सगळं डोळ्यांनी दिसावं लागे. सत्यनारायणाच्या पूजेला नाथाजीनं केळीचे खांब चटाचट बांधले, ते त्यांनी पाहिलं होतं.

"हात तर ठणठणीत आहे की रे तुझा," अण्णा म्हणाले. "कंटाळा आला असेल तर तसं सांग. मागच्या गेटला वॉचमन हवाच आहे."

"अण्णासाहेब, सोंग न्हाई वो ह्ये. लिवायला घेतलं की वाकडा हुतो."

"लिहायला घेतलं की! वा!"

हे 'वा' नाथाजीच्या काळजात घर करून राहिलं. फळा जाईल ही धास्ती होतीच, पण आपण कामचुकार ठरू, ही त्याहून मोठी. फौजेतल्या सतरा वर्षांच्या नोकरीत त्याच्या नावावर एक शेरा नव्हता.

आणि गंमत बघा, मेंदूवर बोलणारे एवढे मोठमोठे लोक पाच-सहा वर्षं त्याच्या हातचा चहा पिऊन गेले, पण त्या हाताकडं एकानं पाहिलं नाही. शेवटी शहाण्णवच्या ऑगस्टात मॅडमनी फळ्यासाठी यादी दिली, तिच्यात हालचालींच्या विकारांवर कार्यशाळा होती. मुंबईचे डॉक्टर निमिष येणार होते. ती यादी लिहितानाच हात असा वळला की खडूचे तीन तुकडे झाले. मॅडम मागं उभ्या होत्या.

"नाथाजी," त्या हळूच म्हणाल्या, "ह्या सरांना तुमचा हात दाखवू या. कार्यशाळेत केस म्हणूनच दाखवू."

नाथाजीला रात्रभर झोप आली नाही. आनंदानं! राहीबाईनं सदरा इस्त्री करून आणला, त्यानं फौजेतले बूट चकचकीत केले. आता सगळ्यांसमोर सिद्ध होणार, एकदाचं.

हॉलमध्ये चाळीस विद्यार्थी होते. मागं अण्णा जेवणाच्या पानांची मोजदाद करत बसलेले. डॉक्टर निमिष पस्तिशीतले, गोड बोलणारे. त्यांनी नाथाजीकडून सदऱ्याची बटणं लावून घेतली, पाणी ओतून घेतलं, फेटा बांधून घेतला. सगळं झकास. मग म्हणाले, "आता लिहा." हात वळला, खडू खाली पडला. पोरं बाकांवरून उठून बघायला लागली. नाथाजी मान खाली घालून उभा.

"दोष हातात नाही, मेंदूत आहे," डॉक्टर मराठीत म्हणाले. "ह्याला रायटर्स क्रॅम्प म्हणतात. आता हे बघा." आणि त्यांनी नाथाजीच्या मनगटावर मागून आपलं एक बोट टेकवलं. दाबलं नाही, नुसतं टेकवलं. "लिहा."

हात उघडला. दहा महिन्यांनी उघडला! खडू सरळ चालायला लागला आणि फळ्यावर नाथाजीचं ते जुनं अक्षर एकेक करून उतरलं. डॉक्टरांनी बोट काढलं, ओळ घसरली. बोट ठेवलं, सरळ. काढलं, घसरली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

नाथाजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "साहेब," तो म्हणाला, "बोट काढू नगा."

कार्यक्रम संपल्यावर त्यानं डॉक्टरांना जिन्यात गाठून औषध विचारलं. डॉक्टर खोटं बोलले नाहीत. औषध नाही. मुंबईत एक इंजेक्शन सुरू झालंय, त्याचा गुण तीन-चार महिने, आणि त्यानं बोटांतलं बळही जातं. "ह्या बोटाचा उपयोगही काही दिवसच होतो हं नाथाजी. मग मेंदू त्यालाही सरावतो." एवढं बोलून त्यांनी ऑफिससाठी इंग्रजीत चिठ्ठी लिहून दिली. घाईत होते, गाडी गाठायची होती. बोटाची युक्ती चिठ्ठीत लिहिली, ती काही दिवसच चालते हे लिहायचं राहून गेलं.

मॅडम दुसऱ्याच दिवशी महिनाभरासाठी परदेशी गेल्या, तेव्हा चिठ्ठी अण्णांनी वाचली. "बोट ठेवलं की लिहिता येतं, असं लिहिलंय. मी पाहिलंही. मग आण की बोट!"

बोट राहीबाईचं आलं. पुढच्या शनिवारी ती पोर्चात नवऱ्यामागं स्टुलावर चढून उभी राहिली, पदर खोचून, त्याच्या मनगटावर बोट टेकवून. तो सरकला की स्टूल सरकवायची. जाणारे-येणारे हसायचे. ती म्हणायची, "हसा की. तुमच्या बायका ठेवत्यात व्हय अशी बोटं?" तीन शनिवार फळा पहिल्यासारखा झाला. नाथाजीनं लोणंदला दिलेल्या लेकीला, रेश्माला, फोन करून सांगितलंसुद्धा, हात सुधारला म्हणून. डॉक्टर काय म्हणाले होते ते त्यानं ना बायकोला सांगितलं ना लेकीला. स्वतःशीही उच्चारलं नाही.

चौथ्या शनिवारी मथळा नीट आला. दुसऱ्या ओळीला मनगट वळलं. राहीबाईनं बोट जरा वर सरकवलं, मग खाली, मग पूर्ण हात ठेवला.

"आवं, कुटं ठिवू?"

"ठिव कुटंबी," नाथाजी म्हणाला.

ओळ घसरत घसरत फळ्याच्या कडेला गेली. तेवढ्यात अण्णा बाहेर आले. त्यांनी फळा पाहिला.

"तीन आठवडे येत होतं आणि आज येत नाही? मनात आलं की येतं, नाही आलं की नाही. मी काय समजायचं रे?" आवाज चढला नव्हता, दमलेला होता. ते आत गेले आणि एक कागद टाईप करून घेऊन आले. "जाऊ दे. कॉम्प्युटर आलाय, सोमवारपासून यादी छापूनच लावू. हा तुझा हुकूम, मागचं गेट. मिळाल्याची सही कर."

डॉक्टरांचं जिन्यातलं बोलणं आता सांगितलं तरी ते चिठ्ठीत नव्हतं. जे डोळ्यांनी पाहिलं तेच अण्णांनी धरलं होतं, आणि दाखवायला आता नाथाजीकडं दुसरं काही नव्हतं. त्यानं पेन घेतलं. राहीबाईनं न सांगता मनगटावर बोट ठेवलं. निब कागदात रुतली आणि नावाच्या जागी एक भोक पडलं.

अण्णा आत जाऊन शाईचं पॅड घेऊन आले. "अंगठा लाव मग."

"मी अंगठेबहाद्दर न्हाई, अण्णासाहेब."

"माहीत आहे रे. पण कागद आजच वर जायचाय."

नाथाजीनं डावा अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला.

"अंगठ्याला साक्षीदार लागतो," अण्णा इकडं तिकडं बघत म्हणाले. शनिवारी पोर्च ओस होता. "बाई, तुम्हाला सही येते?"

राहीबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तो फळ्याकडं तोंड करून उभा होता. "कर," तो म्हणाला.

तिनं कागद स्टुलावर ठेवला, वाकली, आणि पूर्ण नाव लिहिलं. सावकाश, एकेक वेलांटी जागच्या जागी, काने खांबासारखे सरळ. अण्णा कागद उचलता उचलता थांबले.

"छान आहे हो अक्षर तुमचं."

"माजं न्हाई," राहीबाई म्हणाली. "ह्यांचं हाय त्ये."

नाथाजीनं बादलीतून फडकं पिळून घेतलं आणि फळा पुसायला लागला, वरच्या मथळ्यापासून. पुसताना हात अगदी सरळ चालत होता.